कुंभारीण

अहवाल एकेचाळीस पानांचा आहे.
पान तेहेतीसवर माझं नाव नाही, नुसता हुद्दा:
देखभाल तंत्रज्ञ, दोन.
खाली फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला.
वाळलेल्या चिखलाची गोळी, अकरा मिलिमीटर.
विमान खाडीतच पडलं होतं,
पण खाडीचा चिखल काळा असतो.
हा पांढुरका.

आमच्या आचऱ्याला तिला कुंभारीण म्हणतात.
देव्हाऱ्याच्या पाठी, घड्याळाखाली, कडीच्या भोकात
ती मडकी लिंपायची
आणि आई केरसुणी आवरती घ्यायची.
मोडू नको रे, घरात पाळणा हलणार असेल.

इथे रास अल खैमात
हँगरमागे एसीचं पाणी ठिबकतं,
अख्ख्या मैदानात तेवढाच हातभर ओलावा.
तिथून ती माती न्यायची. मी पाहिलं होतं.
खरं सांगू, बरं वाटलं होतं,
गावचं कुणी भेटल्यासारखं.

पंखाखाली एक नळी असते, करंगळीएवढी.
वारा तिच्यात शिरतो, तेव्हा विमानाला कळतं
आपण किती वेगात आहोत.
उभ्या विमानात तिला लाल टोपडं घालायचं.
ते उन्हानं खाल्लं.
नवं मागवलं. अर्जावर शिक्के आले,
टोपडं आलं नाही.
मी चिंधी बांधली. शनिवारी शमाल सुटला,
चिंधी गेली.
दुसरी बांधायची राहिली,
मी कोपरापर्यंत इंजिनात होतो.

इंजिन बदललं की एकदा उडवून बघावंच लागतं.
ठरलं होतं गुरुवारी.
मालक म्हणाला, मी बुधवारी येतोय,
म्हणून मंगळवारी.

कॅप्टन डर्क साठीला टेकलेला, गुडघे कुरकुरणारे.
त्या नळीत डोकावायला वाकावं लागतं.
माझ्या डब्यातली सोलकढी तो उभ्यानंच प्यायचा,
सोलकाडी म्हणायचा,
पांढऱ्या मिशीला गुलाबी कड.

धावपट्टीवरून आवाज आला:
काटा झोपलाय. वर गेलो की उठेल.
आणि हसला.
वॉकीटॉकी माझ्या हातात होता.
बटण दाबायला अंगठा लागतो, दुसरं काही नाही.

काटा उठला.
नळी बुजली की तो उंचीच सांगतो,
पण वेगाच्या आकड्यांत.
जितकं वर, तितकं खोटं.
डर्कला वाटलं, फार पळतंय. नाक वर घेतलं.
अजून पळतंय. अजून वर.
बाहेर बघून ताळा करावा,
तर धुळीनं क्षितिज पुसलेलं,
समुद्र आणि आभाळ एकाच ताटातली पेज.
काटा पळत राहिला,
विमान उभ्या जागी थकलं.

आधी खारफुटीतले रोहित उडाले.
आवाज नंतर आला.

चौकशीला तिघे होते, सभ्य. मला पाणी दिलं.
एकानं विचारलं, ही माशी आधी दिसली होती?
हो.
मग नोंद का नाही?
साहेब, कुठल्या रकान्यात?
हे मी म्हणालो नाही. हे आत्ता सुचतंय,
बारा महिन्यांनी, खोलीवर, पालथं पडून.

संभाव्य कारण एकाच वाक्यात आहे:
परकीय पदार्थामुळे नळीचा अवरोध.
शिक्के त्यात नाहीत, बुधवार नाही,
गुडघे नाहीत, माझा अंगठा नाही.
तळटीप मात्र आहे, बारीक अक्षरात.
गोळी फोडली असता आत
तीन हिरव्या अळ्या, एक अंडं.

काल माझ्या खिडकीच्या एसीवर,
जाळीच्या कोपऱ्यात,
ओली माती दिसली, वाटाण्याएवढी.
स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलो.
खालून शाजीनं विचारलं, काय झालं?
काही नाही म्हटलं.
अजून चढलेलाच आहे.